फिफ्थ व्हील ओढताना पिकअपचा फाळका काढावा का?

प्रश्न थोडक्यात असा. टेक्सासात फ्रिस्कोला राहणाऱ्या एका जोडप्याने पावणेसात फुटी बेडची (म्हणजे मागच्या सामानाच्या हौद्याची) फोर्ड एफ-२५० पिकअप घेतली आहे आणि तिच्यामागे ओढायला भरल्यावर १२,००० पौंडांच्या आसपास जाणारा फिफ्थ व्हील ट्रेलर. डीलरकडचा माणूस म्हणाला, "टेलगेट काढूनच टाका, नाहीतर एक दिवस ठोकाल." शेजारी म्हणतो, काढल्यावर मायलेजही वाढतं. इकडे फाळका कोरा करकरीत, त्यात कॅमेरा, पायरी, किल्लीच्या बटणावर उघडणारं कुलूप. तो काढून गॅरेजच्या भिंतीला टेकवायला मन धजत नाही. मग करायचं काय?

काढू नका. वर्षातून पाच-सात वेळा ट्रेलर जोडणाऱ्या माणसाला फाळका काढून काहीच मिळत नाही, उलट तीन गोष्टी जातात. माझ्या स्वतःच्या गाडीला मात्र मूळचा फाळका नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. मी इंडियानात एल्कहार्टच्या कारखान्यांतून नवे ट्रेलर उचलून डीलरांकडे पोचवतो. माझं जोडणं-सोडणं रोजचं आहे, तुमचं नाही. तुमच्या डीलरचा माणूसही दिवसभर आवारात ट्रेलर इकडून तिकडे करतो. त्याचा सल्ला त्याच्या कामासाठी बरोबर आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: उरणच्या रस्त्यावर कंटेनर ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर जी काळी, ग्रीस फासलेली प्लेट असते, तशीच लहान प्लेट, म्हणजे हिच, इथे पिकअपच्या बेडमध्ये, मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवतात. ट्रेलरच्या नाकाखाली दोन इंची किंगपिन लोंबत असते, ती त्या प्लेटच्या जबड्यात अडकते. उरणच्या गाडीला मागे फाळकाच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. पिकअपला तो आहे, आणि किंगपिन आत येताना-जाताना नेमकी त्याच्यावरून जाते.

काढण्याची कारणं लोक तीन सांगतात: मायलेज, उंचीची अडचण आणि विसरभोळेपणा. पहिली दोन पोकळ आहेत. तिसरं खरं आहे, पण त्यावर फाळका काढण्यापेक्षा सोपा उपाय आहे.

मायलेजचं लगेच मिटवू. नुसती पिकअप चालवतानाही फाळका उघडा टाकून फायदा होत नाही, कारण बंद फाळक्याच्या आत बेडमध्ये हवेचा एक भोवरा साचून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. आणि तुमच्या मागे तर बारा-तेरा फूट उंच, आठ फूट रुंद भिंत उभी आहे. बहुतेक डिझेल ती भिंत हवेतून ढकलण्यात जातं. मायलेज हवं असेल तर ताशी ७० मैलांऐवजी ६२ वर चाला. त्याचा फरक पहिल्याच टाकीत दिसेल.

उंचीची अडचण मात्र समजून घेण्यासारखी आहे. फाळक्याची वरची कड आणि बेडच्या बाजूच्या भिंतींची कड जवळजवळ एकाच उंचीला असते. ट्रेलर जोडून, सामान भरून, गाडी सपाट सिमेंटवर उभी करा आणि ट्रेलरच्या नाकाचा तळ ते फाळक्याची कड हे अंतर टेपने मोजा. साडेपाच ते सहा इंच असावं. आता गणित बघा. हिचपासून फाळक्यापर्यंतचं अंतर साधारण चार फूट, म्हणजे ४८ इंच. सहा इंच भागिले ४८ म्हणजे साडेबारा टक्के. ट्रक आणि ट्रेलर यांच्या चढ-उतारात एवढा फरक पडला की तळ फाळक्याला टेकला. हे होतं कुठे? खड्ड्यात नाही, उंचवट्यावर. ट्रक चढ ओलांडून पलीकडे नाक खाली करतो आणि ट्रेलर अजून चढावरच असतो, तेव्हा बेडची शेपटी वर येते आणि ट्रेलरचा तळ खाली. रेल्वे क्रॉसिंगची कमान, टेकडीवरच्या कॅम्पग्राउंडचं तोंड, पेट्रोल पंपाचा तीव्र चढ, अशा जागा. खोलगट जागेत उलटं होतं, मागची फट वाढते आणि ट्रेलरचं नाक केबिनच्या बाजूला झुकतं.

तुमची फट चार इंच भरली आणि म्हणून तुम्ही फाळका काढला, तर काय मिळवलंत? त्याच उंचीला दोन्ही बाजूंच्या भिंतींचे मागचे कोपरे आहेतच. आज फाळक्याला घासणारं उद्या त्या कोपऱ्यांना घासेल, आणि कोपरा दुमडला की तो फाळक्यासारखा बदलता येत नाही. बेडचं पॅनेलच उघडावं लागतं. वर रस्ता एका बाजूला कलता असेल तर आधी लागतो तो कोपराच. म्हणून फट कमी असेल तर ती वाढवा. किंगपिन ज्यात बसवलेली असते त्या ट्रेलरच्या पिन बॉक्सला वर-खाली सरकवायची बोल्टची भोकं असतात, हिचचीही उंची बदलते, आणि तेवढ्याने नाही भागलं तर ट्रेलरचे एक्सल स्प्रिंगखाली घेऊन अख्खा ट्रेलर वर उचलतात. यातल्या पहिल्या दोन उपायांनी ट्रेलरचं नाक वर होतं आणि भार त्याच्या मागच्या एक्सलकडे सरकतो, हे लक्षात ठेवून एक-दोन इंचांच्या वर ओढाताण करू नका. फाळक्याच्या कडेवर प्लॅस्टिकची स्पॉयलरसारखी पट्टी असते ती मोजताना विसरू नका. नव्या गाड्यांत ती चांगलीच वर येते.

याच ओघात एक चौथं कारणही कानावर येतं: फाळका काढला की वजन कमी होतं. होतं, पण किती? ट्रेलरच्या वजनाचा २० ते २५ टक्के भाग पिनवर येतो. तुमचे १२,००० पौंड धरले तर २,४०० ते ३,०००. त्यात हिच, तुम्ही दोघं, मुलं, कुत्रा, बेडमधली हत्यारांची पेटी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पेलोडचा, म्हणजे ट्रक किती भार पेलू शकतो त्याचा, पिवळा-पांढरा स्टिकर आहे, तो आकडा आधी वाचा. डिझेल एफ-२५० वर तो बहुधा तुमच्या अपेक्षेपेक्षा लहान निघेल. मग एकदा ट्रक स्टॉपवर कॅट स्केलच्या काट्यावर चढवा. आकडा ओलांडत असेल तर फाळक्याचे वजन काढून तो जमणार नाही. इथे प्रश्न फाळक्याचा नाही, ट्रक लहान पडतोय का याचा आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली मला काळजी वाटलेली गोष्ट हीच आहे.

आता विसरभोळेपणा. वाकलेले फाळके मी डीलरांच्या आवारात आणि कॅम्पग्राउंडवर भरपूर पाहतो, आणि त्यांतले बहुतेक जोडताना नाही, सोडताना वाकलेले असतात. जोडताना फाळका बंद राहिला तर आरशात, कॅमेऱ्यात दिसतो, मागे उभा असलेला माणूस ओरडतो. सोडताना सगळे थकलेले. अंधार पडलाय, मुलांना भूक लागलीय. ट्रेलरचे पुढचे पाय खाली सोडले, हिचचा दांडा ओढला, जबडे उघडले, आणि ट्रक पुढे घेतला. किंगपिन आतून येऊन फाळक्याला धडकते. वेग ताशी दोन मैलही नसतो, पण मागे सहा टन उभे आहेत. फाळका मधोमध आतून बाहेर फुगतो, कुलूप अडकतं आणि कॅमेऱ्याची काच जाते. कॅमेरा, पायरी, मोटरचं कुलूप असलेला फाळका बदलायचा तर बिल काही हजार डॉलरांत जातं.

याला उपाय क्रमाचा. सोडताना पहिलं काम फाळका. चाकांना चॉक (पाचर) लावण्याच्याही आधी, केबिनमधून उतरलात की थेट मागे जायचं आणि फाळका खाली. मग चॉक, मग पाय, मग वायर, मग दांडा. "आधी हे, मग ते, मग फाळका" असा मधे कुठे ठेवलात तर तो गळणारच, कारण मधल्या पायरीवर कोणीतरी हाक मारतं. आणि दांडा ओढणारा आणि गाडी चालवणारा माणूस एकच असू द्या. नवरा दांडा ओढतो, बायको गाडी पुढे घेते, आणि दोघांनाही वाटतं फाळका दुसऱ्याने उघडला. हे दृश्य फार वेळा दिसतं. आपल्याकडे क्लीनर "येऊ दे, येऊ दे" म्हणत मागे उभा असतो. इथे ते काम घरातल्याच कोणाला तरी द्या, पण हाताची खूण एकच ठरवा: मूठ म्हणजे थांब.

यात एक खाच आहे. ट्रेलर जोडलेला असताना फाळका खाली येतो तो ट्रक आणि ट्रेलर सरळ रेषेत असतील तरच. पिनपासून फाळक्याचा सांधा चार फुटांवर, उघडलेला फाळका अजून दोन फूट. सरळ उभं असताना ट्रेलरचे पुढचे पाय त्याच्या पलीकडे राहतात, जेमतेम. ट्रक वळलेला असेल तर उघडलेल्या फाळक्याचा कोपरा त्या पायांवर किंवा ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर जाऊन बसतो. म्हणून अडचणीच्या जागेत ट्रेलर बसवल्यावर सोडायच्या आधी ट्रक सरळ करून घ्या. नेमक्या ह्याच कारणासाठी फाळका उघडा टाकून ट्रेलर ओढायचा नाही, कॅम्पग्राउंडच्या आतल्या आतसुद्धा नाही. पहिल्याच वळणावर कोपरा लागेल.

आणि तुमच्या गाडीत हा फाळका किल्लीच्या बटणावर पडतो. किल्ली पँटच्या खिशात, तुम्ही पंपावर वाकून टायर बघताय, बटण दाबलं गेलं, फाळका धाडकन खाली. ट्रक वळलेला असेल तर थेट ट्रेलरवर. गाडीच्या मेन्यूत ही सोय बंद करता येते का ते मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर ट्रेलर ओढण्याच्या दिवसांपुरता त्या कुलपाचा फ्यूज काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवणारे लोक आहेत. मला ते शहाणपणाचं वाटतं. फक्त त्याच फ्यूजवर आणखी काय चालतं ते आधी तपासा.

जोडताना क्रम असा ठेवा. फाळका खाली. ट्रेलरची उंची अशी करा की पिनची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा अर्धा-एक इंच खाली असेल, म्हणजे मागे येताना हिच ट्रेलरला किंचित उचलून आत घेईल. उलट केलंत, ट्रेलर उंच ठेवलात, तर पिन जबड्याच्या वरच टेकते, वरवर बघता जोडल्यासारखं दिसतं, आणि पहिल्या ब्रेकला ट्रेलर बेडच्या भिंतींवर आदळतो. म्हणून टॉर्च घेऊन वाका आणि जबडा पिनच्या गळ्याभोवती पूर्ण मिटलाय हे डोळ्यांनी बघा. दांड्याला कुलपाची खीळ. ब्रेक-अवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) हिचच्या दांड्याला नाही, ट्रकच्या पक्क्या भागाला. मग चॉक तसेच ठेवून, पाय जमिनीपासून जेमतेम इंचभर उचलून, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून ट्रक हळूच पुढे ओढून बघा. सुटायचंच असेल तर इथे सुटेल आणि पाय ते झेलतील. या परीक्षेत ट्रेलर खरंच सुटला तर पिन बंद फाळक्याला लागू शकते. म्हणून सरळ रेषेत असाल तर ओढून बघेपर्यंत तो उघडाच ठेवा. मग फाळका बंद.

वायरचं एक. सात पिनांचा सॉकेट मागच्या बंपरला असेल तर वायर फाळक्याच्या कडेवरून जाते. फाळका बंद करताना ती चिमटते, उघडताना ताणली जाते, आणि एक दिवस इन्सुलेशन फाटून ट्रेलरचे दिवे लुकलुकायला लागतात. फॅक्टरीचा फिफ्थ व्हील पॅकेज असेल तर बेडच्या आत, डाव्या भिंतीला दुसरा सॉकेट असतो. तो नसेल तर मधे जोडायचं तयार हार्नेस मिळतं, मूळची वायर कापावी लागत नाही. फाळक्याच्या कटकटींपैकी निम्मी या एका सॉकेटने जाते, आणि त्याला खर्च फार नाही.

काढल्यावर काय जातं? मागचा कॅमेरा जातो. १ मे २०१८ पासून अमेरिकेत १०,००० पौंडांपर्यंतच्या एकूण वजनमर्यादेच्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, तो उगाच नाही. ट्रेलर कॅम्पवर सोडून तुम्ही दूध आणायला निघता तेव्हा मागे सायकलवरची मुलं असतात. हिच दिसायला मात्र हा कॅमेरा कामाचा नाही, कारण फाळका खाली टाकला की तो जमीन दाखवतो. हिचसाठी केबिनच्या मागे, वरच्या तिसऱ्या ब्रेक-दिव्यात बसवलेला कॅमेरा बघा, तुमच्या गाडीत असला तर. दुसरं म्हणजे बेडमधलं सामान. फळ्या, चॉक, ग्रीसचा डबा, हातोडा हे बेडमध्येच पडलेलं असतं, आणि उघड्या बेडमधून हायवेवर सांडलेली लाकडी फळी मागच्याच्या काचेवर जाते. बेड स्वच्छ ठेवेन असं सगळेच म्हणतात. तिसरं, घरी काढून ठेवलेला फाळका प्रवासात उपयोगी नाही. कॅम्पवर त्यावर बसून चहा पिणं, शेगडी मांडणं हे सगळं गेलं.

व्ही-गेटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. मधोमध खोलगट खाच आणि झडपांसारख्या पट्ट्या असलेला तो फाळका मूळच्या जागी बसतो आणि पिन बंद फाळक्यावरूनच आत जाते. माझ्या कामाच्या गाडीला तो आहे आणि रोजच्या कामाला मी दुसरं काही घेणार नाही. तोही बिनधास्त मात्र नाही. ट्रेलर सोडला की पिनवरचा टनभर भार उतरतो, ट्रकचे स्प्रिंग दोन-तीन इंच वर येतात आणि खाच तेवढी पिनच्या जवळ सरकते. ट्रक तिरपा असताना पुढे घेतला तर पिन खाचेतून न जाता तिच्या खांद्याला लागते. पट्ट्यांतून धूळ आणि पाऊस आत येतो, कुलूप नावापुरतं असतं, कॅमेरा नाही. रिटायर होऊन वर्षभर रस्त्यावर राहणाऱ्यांना, दर तिसऱ्या दिवशी जागा बदलणाऱ्यांना मी तो जरूर सांगतो. नोकरी सांभाळून सुट्ट्यांत फिरणाऱ्यांना नाही.

एकदा तरी फाळका तुम्हाला काढावा लागेलच, हिच बेडमध्ये उतरवताना. तेव्हा दोघांनी मिळून काढा. पायरीवाला फाळका एकट्याच्या कमरेचं काम नाही. बंपरखालच्या रिसीव्हरमध्ये (ट्रेलर जोडायच्या चौकोनी नळीत) बॉल माउंट असेल तर आधी तो काढा, नाहीतर नडगी फुटेल. फाळका खाली करून बंपरमागची कॅमेऱ्याची आणि कुलपाची वायर सोडवा. ओढू नका, प्लगची खटकी दाबून काढा. एकाने फाळका हातावर तोलून धरायचा, दुसऱ्याने दोन्ही बाजूंच्या लोखंडी तारांची क्लिप चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचलून त्या खिळीवरून सरकवायच्या. मग फाळका निम्मा वर, साधारण ४५ अंशांवर आणा; त्या कोनात उजव्या बाजूचा सांधा त्याच्या खोबणीतून वर निघतो. उजवी बाजू निघाली की डावी बाजूला सरकवून बाहेर. ठेवताना कडेवर उभा करू नका, पुठ्ठ्यावर आडवा ठेवा, कॅमेऱ्याच्या काचेची बाजू वर. सोडलेल्या प्लगच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा.

हे सगळं एवढ्या सहज जमतं म्हणूनच अमेरिकेत फाळक्यांची चोरीही होते. विमा कंपन्यांच्या वतीने वाहनचोऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एनआयसीबीनेही पूर्वीच याचा इशारा दिलेला आहे. कुलूप लावलेलं असेल तर काम अवघड होतं, पण आपण कुलूप विसरतो. उजव्या सांध्याच्या खोबणीभोवती रेडिएटरच्या पाइपला वापरतात तसला पोलादी होज क्लॅम्प आवळून टाका, स्क्रूचं तोंड आतल्या बाजूला. हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन डॉलरांत मिळतो. फाळका मग त्या कोनातून वर निघत नाही, आणि रोजच्या उघडझापीला अडथळाही येत नाही.